लहान मुलांचा एक्स-रे : डाग छातीत की फिल्मवर?

डार्करूम

आरोग्याच्या धाग्यांवर एक प्रश्न दर पंधरवड्याला उगवतोच. "डॉक्टरांनी बाळाच्या छातीचा एक्स-रे सांगितलाय, रेडिएशनची भीती वाटते, काढू का नको?" खाली पन्नास प्रतिसाद, त्यातले चाळीस 'आमच्या ओळखीत एकाला...' असे. म्हणून हा वेगळा धागा. मी कोल्हापुरात एक्स-रे टेक्निशियन आहे. फिल्म धुऊन हँगरला वाळत घालायच्या काळापासून आजच्या डिजिटल मशीनपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच की लोक घाबरतात किरणांना आणि नुकसान होतं वाईट फिल्ममुळे.

आधी किरणांचा हिशोब. कुठलीही तपासणी न करता माणूस वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणं अंगावर घेतोच. जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, आकाशातून, खाण्यातून. ही जगाची सरासरी. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.०२ च्या आसपास, म्हणजे तीनेक दिवसांचा नैसर्गिक डोस. डोक्याच्या सीटीला साधारण २ मिलीसिव्हर्ट, एक्स-रेच्या शंभरपट. तेव्हा 'एक्स-रे, सीटी सगळं सारखंच' हे डोक्यातून काढा. सीटीबद्दल विचार करायलाच हवा. छातीच्या एका एक्स-रेसाठी रात्रभर जागायची गरज नाही.

आता वाईट फिल्म म्हणजे काय? दीड वर्षाचं पोरगं टेबलावर आडवं, आई दोन्ही हात डोक्याशी धरून उभी, पोरगं किंचाळतंय. मोठ्या माणसाला आम्ही 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणतो. इथे ती सोय नाही. मग नजर पोटावर ठेवायची. रडता रडता मूल एका क्षणी थांबतं आणि हुंदका देऊन आत श्वास ओढतं, तेव्हा पोट वर येतं. बटण तिथे दाबायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की फिल्म श्वास सोडलेल्या अवस्थेतली. त्यात फुप्फुसं पांढुरकी दिसतात, हृदय थोराड दिसतं. 'पॅच आहे', 'हार्ट मोठं आहे' असं कोणी तरी म्हणतं आणि पुढचं गाडं सुरू होतं. अँटिबायोटिक, इको (हृदयाची सोनोग्राफी), कधी सीटीसुद्धा. आजार कुठेच नसतो.

फिल्म बरी आहे का हे तुम्हालाही कळू शकतं. पडद्याच्या (डायफ्रॅमच्या) वर मागच्या आठ-नऊ बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. दोन्हीकडच्या बरगड्या सारख्या लांबीच्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर मूल तिरकं झालंय. तिरक्या फिल्मवर एक फुप्फुस काळं आणि एक पांढरं दिसतं.

त्यात आपल्याकडचे दागिने. काळा दोरा, त्यात ओवलेला ताईत, चांदीचा करदोटा, झबल्याची सेफ्टी पिन, दृष्टमणी. पोरींची घट्ट घातलेली वेणी खांद्यावर आली तर फुप्फुसाच्या टोकावर सावली पडते, आणि टोकावरची सावली म्हटल्यावर टीबीची शंका आलीच. 'ताईत काढायचा नाही, महाराजांनी बांधलाय' असं म्हणणाऱ्या आज्यांशी मी वाद घालत नाही. सोडायचा नसेल तर सरकवून पाठीमागून डोक्यावर घ्या म्हणतो. बहुतेक ऐकतात.

आणखी एक, थायमस. तान्ह्या बाळाच्या छातीत हृदयाच्या वर ही ग्रंथी चांगली मोठी असते. फिल्मवर ती होडीच्या शिडासारखी तिकोनी दिसते आणि नवख्या डोळ्याला गाठ वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत धडधाकट बाळांच्या या ग्रंथीला 'मोठी झालीय' म्हणून किरणोपचार देत होते. पुढे त्यातल्या अनेकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. निरोगी अवयवाला आजार समजल्याचं याहून भयंकर उदाहरण आमच्या क्षेत्रात मला माहीत नाही.

प्रश्न विचारा. मला येतं तेवढं सांगतो.

गडहिंग्लजची_सून

खूप उपयोगी. एक विचारायचं होतं. मुलीच्या कमरेचा एक्स-रे काढला तेव्हा तिच्या पोटाखाली शिसाचा पट्टा ठेवलाच नाही. मी मागितला तर तिथला मुलगा म्हणाला, 'आता लागत नाही.' मोठ्या पोरीच्या वेळी तर ठेवला होता. हा निष्काळजीपणाच ना?

डार्करूम

नाही ताई, त्याने बरोबर सांगितलं. फक्त नीट समजावून सांगायला हवं होतं. पन्नासएक वर्षं आम्ही तो पट्टा ठेवतच होतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने हा रिवाज बंद करा असं जाहीर सांगितलं. कारणं दोन-तीन आहेत. पट्टा जरा सरकला की जे हाड बघायचंय तेच झाकलं जातं आणि फिल्म पुन्हा काढावी लागते. दुसरं, मशीन डोस आपोआप ठरवणारं असेल आणि शिसं त्याच्या सेन्सरवर आलं तर मशीनला वाटतं किरणं कमी पडली, आणि ते डोस वाढवतं. म्हणजे राखायला गेलो आणि जास्त दिलं. शिवाय शरीरात आतल्या आत विखुरणारी किरणं वरच्या पट्ट्याने अडत नाहीत.

पट्ट्यापेक्षा प्रकाशाचा चौकोन बघा. बटण दाबण्याआधी अंगावर जो उजेड पडतो, किरणं तेवढ्याच भागावर पडतात. मनगटाचा एक्स-रे असेल आणि उजेड कोपरापासून छातीपर्यंत पसरला असेल, तर खुशाल टोका. मूल धरणाऱ्याने मात्र शिसाचा एप्रन घालायचाच. आणि आई गरोदर असेल, नुसती शंका असेल तरी, बाबाला आत पाठवा.

पन्हाळगडी

ते सगळं खरं ओ, पर मूळ दुखणं येगळंच हाय. आमच्या भावाचं पोरगं दिवाणावरनं पडलं, फूटभर टेंगूळ आलं म्हणा की. रडलं, गप झालं, बिस्कीट खाल्लं. तरी एका ठिकाणी लगेच सीटी काढायला लावला. रिपोर्ट नॉर्मल. आता तुमीच सांगा, कट मिळतो म्हणूनच न्हवं?

छोटे_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, इचलकरंजीकडे प्रॅक्टिस. पन्हाळगडी, तुमच्या भावाच्या केसमध्ये काय घडलं ते मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. कट घेणारे आहेत, हे नाकारत नाही. पण निम्म्या वेळा सीटी लिहायला लावते ती डॉक्टरची भीती. काही सुटलं तर काचा फुटतात, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि उरलेल्या निम्म्या वेळा नातेवाईकच म्हणतात, 'डॉक्टर, एकदा स्कॅन करूनच टाकूया, मनाला समाधान.'

डोक्याला मार लागलेल्या मुलांसाठी ठोस नियम आहेत. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. उत्तर अमेरिकेतल्या २५ इस्पितळांतली ४२,४१२ मुलं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी सहा गोष्टी बघायच्या : शुद्ध बिघडली आहे का, कपाळ सोडून डोक्यावर इतर ठिकाणी टेंगूळ आहे का, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का, मार जबर होता का (या वयात तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडणं जबर धरतात), कवटी दबल्यासारखी लागते का, आणि सहावी मला फार आवडते, आईबापांना मूल नेहमीसारखं वागतंय असं वाटतं का. सहाही बाबतींत काळजीचं काही निघालं नाही तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दहा हजारांत दोनहून कमी. अशा मुलाला सीटी नको. काही तास डोळ्यांखाली ठेवा. दोन वर्षांवरच्या मुलांची यादी थोडी वेगळी आहे, त्यात उलटी आणि जोराची डोकेदुखी येते.

सीटीचा धोका किती? २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांचा अभ्यास झाला. लहानपणी सीटी झालेली ही माणसं. अंदाज असा निघाला की दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा सीटी काढला तर पुढच्या दहा वर्षांत एक ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि एक मेंदूची गाठ जास्तीची होईल. खऱ्या गरजेपुढे हा धोका किरकोळ आहे. बेशुद्ध मुलाचा सीटी टाळणारा बाप माझ्या मते जास्त धोका पत्करतो. पण 'मनाच्या समाधाना'साठी घ्यावा इतका तो क्षुल्लकही नाही.

आता डार्करूम यांच्या मुद्द्यात भर. आमच्याकडे खरा राजा सोनोग्राफी आहे. मुलं बारीक, चरबी कमी, हाडं अजून कूर्चेची. मोठ्या माणसात जे सोनोग्राफीला दिसत नाही ते मुलात स्वच्छ दिसतं.

सहा महिने ते दोन-अडीच वर्षांचं मूल, मधूनच पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग एकदम गप्प, पुन्हा पंधरा-वीस मिनिटांनी तेच. उलट्या, शेवटी रक्त-शेंबडाची शी. आतडं आतड्यात शिरलेलं असतं. सोनोग्राफीत एकात एक कडी असं वर्तुळ दिसतं आणि निदान तिथेच संपतं. वेळेत आलं तर शी-च्या जागेतून सलाइन किंवा हवा सोडून आतडं मागे ढकलता येतं, मशीनवर बघत बघत. पोट उघडावं लागत नाही. असं मूल 'दात येतायत' म्हणून दोन दिवस घरी राहिलं की मग ऑपरेशनच.

तीन-चार आठवड्यांचं बाळ दूध पिऊन लांब फवारा उडवतंय, उलटीत हिरवं पित्त नाही आणि लगेच पुन्हा भुकेलं. जठराच्या तोंडाचा स्नायू सोनोग्राफीत ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरला की निदान पक्कं. बेरियम पाजायचे दिवस गेले.

कमी दिवसांच्या बाळाची तर टाळू हीच खिडकी. आपण तेलाने जी टाळू भरतो तिथेच प्रोब ठेवायचा आणि मेंदूतला रक्तस्राव बघायचा. बाळाला काचेच्या पेटीतून हलवायचीही गरज नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली

डॉक्टर, पेटीपाशी मशीन आणायचं म्हणता, पण आमच्या भाच्याच्या वेळी 'मशीन बाहेर नेता येत नाही' म्हणून बाळालाच दुसऱ्या इस्पितळात हलवलं. ऑक्सिजनवर होतं. तेव्हा फार राग आला होता.

छोटे_डॉक्टर

राग साहजिक आहे, पण तो कायदा आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी मशीनची नोंदणी जागेसकट होते. नोंदलेल्या जागेबाहेर ते फिरवता येत नाही. कोल्हापूरला तर याचा इतिहासच आहे. २०१० च्या आसपास इथल्या जिल्हा प्रशासनाने मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवले, राज्यभर चर्चा झाली होती. मुलींचं प्रमाण घसरलेल्या जिल्ह्यात ते गरजेचं होतं, हे माझं मत. त्याची झळ कधी कधी तान्ह्यांना लागते हेही खरं. तोडगा एकच, नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळाने स्वतःचं मशीन रीतसर नोंदवून ठेवावं. बाळंतपणाला इस्पितळ निवडताना हा प्रश्न जरूर विचारा.

गडहिंग्लजची_सून

माझ्या पुतणीचा खुबा निखळलेला होता, चालायला लागल्यावर कळलं. लंगडत होती. आधी कळलं असतं का?

छोटे_डॉक्टर

बहुतेक वेळा कळतं. मुलगी, पायाळू जन्म, घरात कोणाला असा त्रास, यातलं काही असेल तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करावी. ऑस्ट्रियाच्या ग्राफ यांनी १९८० च्या सुमाराला ही पद्धत बसवली. त्या वयात मांडीच्या हाडाचं डोकं कूर्चेचं असतं, एक्स-रेत दिसतच नाही. चार-सहा महिन्यांनंतर मग एक्स-रे. लवकर सापडलं तर पाय फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांवर भागतं. सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत हा आहे, तेव्हा अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं की विचारा. आणि बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका. कडेवर पाय फाकवून घेतलेलं मूल खुब्यासाठी उत्तम.

शाहू_स्टेडियम_पूर्व_बाजू

इथं फुटबॉलवाले कोण आहेत काय? पोरांना कोचिंग देतो. वयोगटाच्या स्पर्धांना मनगटाचा एक्स-रे मागतात. आमच्या एका पोराचा जन्मदाखला चोख, शाळेत घातल्यापासून मी ओळखतो, तरी 'बोन एज जास्त' म्हणून घरी पाठवला. पोरगं आठवडाभर मैदानावर आलं नाही. हे मशीन खोटं बोलतं काय?

डार्करूम

मशीन खोटं बोलत नाही, त्याला नको तो प्रश्न विचारलाय.

डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. मनगटाची छोटी हाडं आणि बोटांच्या हाडांच्या टोकाच्या वाढपट्ट्या (जिथून हाड लांबीला वाढतं तो कूर्चेचा भाग) बघून हाडाचं वय काढतात. मुळात ही तपासणी वाढ खुंटलेल्या किंवा लवकर वयात आलेल्या मुलांसाठी. जुना प्रमाण अ‍ॅटलास ग्रॉयलिख आणि पाईल यांचा, १९५० चा. त्यातले हात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांचे, १९३०-४० च्या दशकांतले. तो कसबा बावड्यातल्या पोराला लावताना थोडं भान ठेवायला नको? निरोगी किशोरांमध्ये हाडाचं वय दाखल्याच्या वयापेक्षा दीड-दोन वर्षं पुढे-मागे असणं सर्रास आहे. ज्याला मिसरूड लवकर फुटलं त्याचं हाडही पुढे. क्रिकेट बोर्ड १६ वर्षांखालच्यांना दुसरी पद्धत लावतं, टॅनर-व्हाइटहाउस, हाडागणिक गुण देऊन. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकाला मनगटाचा एमआरआय घेतला. निरोगी पोरांवर कारण नसताना किरणं नकोत हा त्यातला एक हेतू. त्यात वाढपट्टी पूर्ण मिटलेली दिसली तर पोरगं जवळपास नक्कीच सतराच्या वर. पण न मिटलेली दिसली म्हणजे सतराच्या आतच, असं नाही.

तुम्ही आयोजकांना लेखी विचारा की कोणती पद्धत लावली, फिल्म कोणी वाचली, आणि फरकाची मुभा किती धरली. अपील असतं, करा.

पन्हाळगडी

आयला, आमच्या येळंला पैलवानाचं वय वस्तादच सांगायचा. नजर टाकली की झालं.

शाहू_स्टेडियम_पूर्व_बाजू

वस्ताद पण दोन वर्षं इकडंतिकडं सोडायचाच की ओ! धन्यवाद डार्करूम, लेखी अर्ज देतो.

मलकापूर_एसटी

एमआरआयचा विषय निघालाच आहे तर. आमच्या चार वर्षांच्या मुलाला फिट येतात, एमआरआय सांगितलाय. मागच्या वेळी पहाटे उठून उपाशीपोटी कोल्हापूरला नेला. गाडीत झोपला, तिथे पोचल्यावर टक्क जागा. झोपेचं सिरप दिलं तरी मशीनचा आवाज सुरू झाल्यावर उठून बसला. तपासणी अर्धवट, पैसे गेले. पुढच्या आठवड्यात परत जायचंय. काय करू?

डार्करूम

पहिलं काम, आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि गाडीत काही झालं तरी झोपू देऊ नका. गाणी म्हणा, खिडकीशी बसवा. सिरप थकलेल्या मुलावर चालतं, नुकतंच झोपून उठलेल्यावर नाही.

उपाशी ठेवण्याचा नेहमीचा हिशोब : जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या केंद्राने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. पण 'रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही' असं करू नका. तहानलेलं मूल चिडतं आणि शीरही सापडत नाही. फिटची रोजची गोळी बंद करायची का, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. बहुधा चालूच ठेवायला सांगतील.

सिरप फसलंय म्हणजे या वेळी भूलतज्ज्ञ असलेला दिवस मागा. शिरेतून औषध, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, शेजारी माणूस. थोडे पैसे जास्त जातील, पण तपासणी पूर्ण होईल. कानात बोळे आणि वरून हेडफोन दोन्ही घालायला सांगा, आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. करदोटा, ताईत, कडं घरीच काढून ठेवा. तान्ह्या बाळांना तर बऱ्याचदा औषधही लागत नाही. पोटभर पाजून घट्ट गुंडाळलं की ती आवाजातही झोपतात.

छोटे_डॉक्टर

फिटची गोळी चुकवू नका, घोटभर पाण्यासोबत चालते. पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

जाता जाता, जोतिबाच्या यात्रेचे दिवस आलेत म्हणून. लुकलुकणाऱ्या खेळण्यांतली बटणासारखी बॅटरी गिळली तर ती नाणं नव्हे. एक्स-रेत दोन्ही गोल दिसतात, पण बॅटरीच्या कडेला दुहेरी कडी असते. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळायला लागते. केळं खाऊ घालून 'शी-तून पडेल' म्हणत थांबू नका, तडक इस्पितळ. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, पण मधासाठी दुकान शोधत बसू नका.

आणि शेंगदाणा. खाताना ठसका लागला, मग आठवडाभर खोकला, एका बाजूला शिट्टी. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. फार तर एक फुप्फुस जास्त फुगलेलं दिसतं, तेही श्वास सोडलेल्या फिल्मवर. एक्स-रे नॉर्मल आला तरी ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना सांगा. दुर्बीण घालायची की नाही ते बहुतेक वेळा त्या एका वाक्यावर ठरतं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

म्हणजे श्वास सोडलेली फिल्म तिथे कामाची! डार्करूम, तुम्ही तर वर तिला वाईट म्हणालात.

डार्करूम

मुद्दाम काढली आणि चिठ्ठीत तसं लिहिलं तर कामाची. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'चेस्ट एक्स-रे' एवढंच नको. 'ठसका लागला होता, उजवीकडे हवा कमी' असं लिहून आलं तर मी आपणहून दोन फिल्म काढतो, किंवा मुलाला कुशीवर झोपवून एक.

आणि सगळ्यांना एक विनंती. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला मोबाइल फोटो व्हॉट्सअपवर पाठवून 'बघा हो काय आहे' विचारू नका. त्यात निम्म्या वेळा ट्यूबच दिसते. केंद्रातून सीडी किंवा लिंक मागा, ती द्यावी लागते त्यात काही उपकार नाहीत. सीटी असेल तर डोसचं पान पण मागून फाइलला लावा. आणि पोटाचा सीटी 'तीन फेजमध्ये' (म्हणजे त्याच भागाचे वेगवेगळ्या वेळी तीन स्कॅन) लिहिला असेल तर मुलाला तिन्ही खरंच लागतात का, हे रेडिओलॉजिस्टला विचारा. मुलांमध्ये बहुतेक वेळा एकच पुरते, आणि प्रत्येक जादा फेज म्हणजे तेवढाच डोस पुन्हा.

मलकापूर, तारीख कळवा. त्या दिवशी भूलतज्ज्ञ आहे का, हे आधी फोन करून पक्कं करा, नाहीतर परत तीच एसटी.

मलकापूर_एसटी

फोन केला. मंगळवारी येतात म्हणाले. मंगळवारचीच वेळ घेतली.